नुसतं बसायचं

“दूध उतू जाऊ दे, न्हाईतर घर पेटू दे. आज तू जागची हलायची न्हाईस.”

तात्या गिरणीच्या दारात उभे राहून आईला बजावत होते. डोक्यापासून पायापर्यंत पिठाने माखलेले. रागावले की त्यांच्या भुवयांवरचं पीठ झडायचं आणि मला हसू यायचं. त्या दिवशी आलं नाही. आदल्या संध्याकाळी त्यांनी ज्वारीचं पत्र्याचं माप उचलून भिंतीवर भिरकावलं होतं, दोन वर्षांत पहिल्यांदा.

“आणि आज उठलीस,” ते म्हणाले, “तर उद्यापासनं बंद. एकतर सगळी बसतील, न्हाईतर कुणीच न्हाई. मग माझ्या नावानं बोटं मोडायची न्हाईत.”

आई सुपातल्या तांदळातले खडे वेचत होती. “बरं,” एवढंच म्हणाली.

आमची पिठाची गिरणी होती. पुढे गिरणी, मागे घर, मध्ये एक दार, आणि त्या दाराने कधी कुठला आवाज अडवला नाही. दिवसभर पट्ट्याची फटफट आणि जात्याची घरघर. त्यामुळे आमच्यात हळू बोलायची रीतच नव्हती. ताटात मीठ वाढ म्हणायचं तरी भांडण काढल्यासारखं ओरडायचं. त्यात तात्यांचा राग. गिऱ्हाइकाशी साखर पेरल्यासारखे बोलणारे तात्या उंबरठा ओलांडून आत आले की साक्षात जमदग्नी. ताट फेक, तांब्या फेक. माझा मोठा भाऊ दिनकर, त्याच्या कपाळावर लहानपणची खोक होती. ती कशाची हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी कधी बोलत नव्हतं.

मग एका उन्हाळ्यात तात्या गिरणीतच भोवळ येऊन पडले. कानडे डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, “रोज संध्याकाळी गिरणी बंद करून थोडा वेळ नुसतं बसायचं.”

“बसून काय करू?”

“काही नाही.”

“काही न्हाई म्हंजे नेमकं काय करू?”

डॉक्टर हसले. “श्वास आत जातो, बाहेर येतो, तेवढं बघा. दुसरं काही करायचं नाही.”

आता तात्या एखादी गोष्ट एकट्याने करणाऱ्यांतले नव्हते. त्यांना काढा दिला तर तो सगळ्या घराला प्यावा लागायचा. दुसऱ्या दिवसापासून दिवेलागणीला गिरणी बंद आणि माजघरात चौघांनी चार जागी बसायचं. “बसा,” असं तात्या म्हणायचे. डोळे मिटायचे. मग त्यांच्या मनाला येईल तेव्हा ते “हं” म्हणायचे. तो “हं” कानावर पडेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत, अंग खाजवायचं नाही, डास चावला तर चावू द्यायचा. सुरुवातीला दादा आणि मी हसू दाबून दाबून बेजार व्हायचो.

पण खोटं कशाला सांगू, पुढेपुढे मला त्याची गोडी लागली. गिरणी थांबली की आधी कान वाजायचे. मग हळूच हौदात गळणारं पाणी ऐकू यायचं, पलीकडच्या घरातल्या सखूमावशीचा झाडू ऐकू यायचा, आणि आपल्याच घराला किती बारीक आवाज आहेत ते कळायचं. आणि तात्या खरंच निवले. “हं” म्हणून उठले की आईकडे पाणी मागायचे, तेही साध्या आवाजात. त्या दोन वर्षांत आमच्या घरात एक भांडं फेकलं गेलं नाही. गल्लीतल्या लोकांना वाटलं, कुणीतरी बाबाबुवा भेटला असणार.

बसत नव्हती ती फक्त आई. म्हणजे बसायची, पण टिकायची नाही. गवळी नेमका त्याच वेळेला यायचा. आमच्याकडे फ्रिज कुठला? उन्हाळ्यात दूध लगेच तापवलं नाही की नासलंच. दुधाचं निभावलं तर कुणीतरी दळणाचा डबा घेऊन दारात हाक मारायचं. तेही नसलं तर तिला दोरीवरचे कपडे आठवायचे. मग बांगड्या वाजायच्या, पावलं वाजायची, आणि तात्या डोळे न उघडता “च्” करायचे. दादा आणि मी रोज पैज लावायचो, आज आई कशाने उठणार? हरेल त्याने दुसऱ्या दिवशी आडाचं पाणी शेंदायचं. दादा बहुतेकदा दुधावर लावायचा आणि बहुतेकदा जिंकायचा.

आदल्या संध्याकाळी मात्र तात्यांचं “च्”वर भागलं नाही. माप भिंतीला लागून पार चेपलं. आम्ही तिघंही जिथे होतो तिथे थिजलो. मला वाटलं, संपलं. ते सगळं परत आलं.

म्हणून त्या दिवशी दुपारपासून घरात एकच विषय होता. आई बसणार का?

“मला भ्या वाटतं गं, रंजे,” आई मला हळूच म्हणाली. “हात थांबले की छातीत कसंतरी हुतं. लई धडधडतं. कामात असलं की कळत न्हाई.”

ती हळू म्हणाली, पण नेमका तेवढ्यात पट्टा उतरवला होता. तात्यांनी ऐकलंच.

“म्हणूनच बसायचं असतं,” ते गिरणीतून म्हणाले. “पयल्यांदा माझं बी धडधडायचं. नेट धरला की जातंय.”

यात त्यांचं काही खोटं नव्हतं. त्यांचं खरंच गेलं होतं.

दादाला पुण्याला कारखान्यात नोकरी लागली होती. सोमवारी निघायचं होतं. तो येऊन आईच्या समोर उकिडवा बसला आणि तिच्याबरोबर खडे वेचायला लागला. आमच्या दादाने कधी तांदळाला हात लावलेला मी पाहिला नव्हता.

“आई, आजच्या दिवस बस,” तो म्हणाला. “मी सोमवारी जाणार. पुन्हा ते सुरू झालं तर मध्ये पडायला कोण आहे इथं? ही रंजी?”

आईने त्याच्या कपाळाकडे पाहिलं. मग सूप बाजूला केलं.

“बसते बाबा. आज ब्रह्मदेव जरी दारात आला तरी उठत न्हाई. झालं समाधान?”

दादा जाताजाता माझ्या कानाशी वाकून म्हणाला, “तरीपण दूध.”

“लावतोस?”

“लाव. दूधच.”

“आज आई उठणारच नाही,” मी म्हणाले, आणि आम्ही हातावर हात मारला.

दिवेलागण झाली. गवळी येऊन गेला. आईने दूध पातेल्यात ओतलं, स्टोव्हवर ठेवलं आणि वाती जेवढ्या खाली घेता येतील तेवढ्या घेतल्या. देवापाशी दिवा लावला. मग येऊन स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ लावून बसली. तिची जागा तीच होती, उठायला सोयीची. तात्या समोरच्या भिंतीशी, अंगावरचं पीठ तसंच. दादा खिडकीखाली. मी कोपऱ्यात, पाटावर. मी आईकडे टक लावून बघत होते.

“काय बघतीस? मीट डोळे,” आई म्हणाली.

“बसा,” तात्या म्हणाले.

कान वाजले. मग थांबले. हौदाचं पाणी ऐकू आलं. सखूमावशीकडे कुणीतरी लसूण ठेचत होतं. दादाचा श्वास ऐकू आला, तात्यांचा मोठा जड श्वास ऐकू आला. कितीतरी वेळ आई हललीही नाही, तेव्हा मला आतून असं काही बरं वाटलं की काय सांगू. वाटलं, हे असंच राहावं. चौघं आहोत, चौघं गप्प आहोत, कुणाला कुणाची भीती नाही.

मग दूध बोलायला लागलं. आधी पातेल्याच्या कडेला बारीक सुरसुर. मग ती वाढली. मी बांगड्यांची वाट बघायला लागले. आई उठताना उजवा हात जमिनीला टेकायची, तेव्हा तिच्या काचेच्या बांगड्या किणकिणायच्या. आता वाजतील. आत्ता वाजतील. दूध वर चढलं ते डोळे मिटूनही कळत होतं. आणि फस्स करून ते स्टोव्हवर सांडलं.

बांगड्या वाजल्या नाहीत.

मी जिंकले होते. दादाच्या नाकातून हसण्याचा एक बारीक आवाज आला, तो हरल्याचा होता तसाच कौतुकाचाही होता. मला तर ओरडून शाब्बास म्हणावंसं वाटत होतं. शेरभर दूध चुलीत चाललंय आणि घरातली चार माणसं डोळे मिटून, छाती फुगवून बसली आहेत, असं उभ्या गावात फक्त आमच्याच घरी घडलं असतं. वास आला. आधी खरपूस, मग करपट, मग नाकाला झोंबणारा.

भिंतीपलीकडून सखूमावशी ओरडली, “शेवंतावैनी! अगं दूध करपाय लागलंय की! हाईस का घरात?”

कुणी ओ दिली नाही. माझ्या अंगावर आनंदाने काटा आला. आई मावशीलाही ओ देत नाही म्हणजे कमाल झाली.

आता “हं” येईल असं वाटलं. आला नाही. माझ्या पायाला मुंग्या आल्या, मग पाय आहे की नाही तेही कळेना. धूर घशात जायला लागला. दादा एकदा खोकला आणि त्याने खोकला गिळला. मला वाटलं, तात्या खूश झालेत, म्हणून लांबवतायत. मग तात्यांचा श्वास कानावर आला. तो रोजचा नव्हता. अडकत अडकत येत होता, जिना चढून आलेल्या माणसाचा येतो तसा.

त्या दोन वर्षांत “हं” येण्याआधी मी कधी डोळे उघडले नव्हते. ते उघडले.

तात्यांचे डोळे उघडे होते.

मला त्याचाच एवढा धक्का बसला की दुसरीकडे कुठे बघायचं सुचलंच नाही. ते आईकडे बघत होते. तोंडावरच्या पिठातून पाण्याचे दोन ओघळ खाली हनुवटीपर्यंत गेले होते. मी बघतेय हे त्यांना कळलं. त्यांनी मान वळवली नाही, फक्त बोट ओठांवर ठेवलं.

आणि मी डोळे मिटले. आज सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही, पण मिटले. तात्यांनी गप्प बस म्हटलं की गप्प बसायचं, हे आमच्या हाडात होतं. पण मिटल्या डोळ्यांपुढे ते ओघळ काही जाईनात. मी परत डोळे उघडले आणि आईकडे मान वळवली.

आई बसली होती तशीच बसली होती. डोकं चौकटीला टेकलेलं. पदर खांद्यावरून घसरला होता आणि तिने तो सावरला नव्हता. तोंड किंचित उघडं. खालच्या ओठावर माशी बसली होती. माशी तिथून हलत नव्हती आणि आईही हलत नव्हती. हात मांडीवर उताणे पडले होते. आईचे तळहात मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसले, कारण ते कधी रिकामे नसायचे.

“आई!”

“रंजे, गप,” दादा डोळे मिटूनच कुजबुजला. “तात्यांनी अजून—”

“दादा, आईकडे बघ!”

त्याने पाहिलं. मग तो कसा उठला, माजघर कसं ओलांडलं, मला आठवत नाही. त्याने आईचे खांदे धरले तशी तिची मान कडेला लवंडली. तो आवाज, डोकं चौकटीवरून घसरल्याचा, इतका साधा होता. दादा “आई, आई, ए आई” असं लहान पोरासारखं म्हणायला लागला.

“तात्या, उठा की!” दादा किंचाळला. “बघताय काय? उठा!”

तात्या उठले नाहीत. मांडी घालून, ओठांवर बोट तसंच ठेवून ते बघत राहिले.

दादाने आईला दोन्ही हातांवर उचललं आणि अनवाणी धावत सुटला. मी मागे. कानडे डॉक्टरांचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. वाटेत लोक दारात आले, कुणी विचारलं, कुणी मागे धावलं. सखूमावशी आमच्या घरात शिरली आणि तिने तो स्टोव्ह विझवला, हे मला नंतर कळलं.

डॉक्टरांनी आईला टेबलावर ठेवायला लावलं. नाडी पाहिली, छातीला नळी लावली, पापण्या वर करून बॅटरी मारली. मग नळी कानातून काढली आणि बराच वेळ तिची घडी सारखी करत राहिले. ते बघूनच मला कळलं.

“केव्हा झालं हे?” त्यांनी विचारलं.

“माहीत नाही,” दादा धापा टाकत म्हणाला. “आम्ही बसलो होतो.”

“बसला होतात म्हणजे?”

“तुम्हीच सांगितलं होतं ना तात्यांना. नुसतं बसायचं.”

डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी टेबलाच्या कडेला हात टेकला. “अरे, पण चौघं एका खोलीत होतात. कुणाच्याच लक्षात आलं नाही?”

“तात्यांच्या आलं होतं,” मी म्हणाले.

मला म्हणायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. दादा माझ्याकडे वळला.

“काय?”

“त्यांचे डोळे उघडे होते. ते आईकडे बघत होते. मला गप्प बस म्हणून खुणावलं.”

तेवढ्यात तात्या आले. एकटेच, सावकाश चालत. अंगावर पीठ तसंच आणि हातात आईच्या चपला. ती अनवाणी गेली म्हणून त्यांनी त्या आणल्या होत्या. दारातल्या लोकांनी त्यांना वाट करून दिली.

दादा त्यांच्या अंगावर गेला. त्याने त्यांचा सदरा छातीशी मुठीत धरला, तसं दोघांच्या मध्ये पीठ उडालं. बापाच्या अंगाला हात लावलेला मुलगा मी तोवर पाहिला नव्हता. आता तात्या मारतील, असं वाटून मी डोळे गच्च मिटले. त्यांनी मारलं नाही.

“तुम्हाला कळलं होतं?”

“हो.”

“कधी?”

“दूध उतू गेलं तवाच,” तात्या म्हणाले. “शेवंता असती तर उठली असती.”

तात्यांच्या तोंडून आईचं नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. ते तिला “अगं” म्हणायचे, “ऐकतीस का” म्हणायचे, गिऱ्हाइकांपुढे “घरातली” म्हणायचे.

“आम्हाला वाटलं ती तुमचं ऐकून बसलीय!” दादाचा आवाज फाटला. “मी तिला बस म्हणालो होतो. मी. मला वाटलं, माझ्यासाठी बसली.”

“एवढी वर्सं संसार केला,” तात्या म्हणाले. “माझ्यासाठी न्हाई, देवासाठी न्हाई, कुणासाठी दूध जळू देणारी बाई न्हाई ती.”

“मग हाक का नाही मारलीत? वाचली असती ती!”

“दिनकर,” डॉक्टर मध्ये पडले, “तेव्हा लगेच आणलं असतंत तरी काही उपयोग—”

“तुम्ही बोलू नका!”

डॉक्टर एक पाऊल मागे सरले. पुढे माझं लग्न झालं, मला मुलं झाली, तेव्हा एकदा मी मुद्दाम जाऊन त्यांना हेच विचारलं. ते म्हणाले, नसता झाला उपयोग, बसल्या जागी गेल्या त्या. खरं सांगत होते की माझी समजूत घालत होते, याचा निकाल मी अजून लावू शकले नाही. काही दिवस मानते, काही दिवस नाही.

“बोला ना!” दादा सदरा गदागदा हलवत होता. “का नाही उठलात? डोळ्यांदेखत बायको जाते आणि तुम्ही बसून राहता? आम्हालाही बसवून ठेवता?”

तात्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मी त्यांच्या डोळ्यांत राग शोधत होते. राग असता तर बरं झालं असतं, रागावलेल्या तात्यांची आम्हाला सवय होती. मला त्यांची किळस आली आणि त्याच क्षणी इतकी दया आली की माझं मलाच कळेना, हे एकाच माणसाबद्दल कसं वाटतंय.

“मी ‘हं’ म्हणलो असतो तर तुम्ही उठला असता,” ते म्हणाले. “सगळी उठली असती. ती सोडून.”

“निदान हात तरी लावायचा होता तिला!”

“हात लावला असता तर थंड लागली असती.” तात्यांनी चपला दुसऱ्या हातात घेतल्या. “जवर लावला न्हाई तवर ती बसली हुती, दिनू. तुमच्यात, माझ्यासमोर. दोन वर्सांत पयल्यांदा आपण चौघं बसलो हुतो. मला ते मोडवंना.”

बाहेर बायकांनी रडायला सुरुवात केली होती. दादाने सदरा सोडला नाही. शेवटी डॉक्टर आणि त्यांचा कंपाउंडर पुढे आले आणि दोघांनी मिळून त्याची बोटं एकेक करून सोडवली.